घोळ नोहे

पाहुणा आला की आमच्या सावली गावात आधी पाणी विचारतात. आमच्या शेजारचे किसनभाऊ त्याच्याही आधी एका झाडाचं जाड, हिरवं पान हातावर ठेवतात. "चाखून पाहा," म्हणतात आणि पाहुण्याच्या तोंडाकडे टक लावून बसतात. तोंड वाकडं झालं की गडी खूश. "खारट लागलं ना? मंग. घोळ नोहे."

हे झाड भाऊंनी लेकीकडून आणलं. एकुलती एक मुलगी देवगडकडे दिली आहे, समुद्राला लागूनच घर. तिथल्या वाळूवर पसरणाऱ्या या वेलीची काडी भाऊ ओल्या रुमालात गुंडाळून, गाड्या बदलत, मांडीवर घेऊन सावलीपर्यंत आले. फुटक्या टाकीत वैनगंगेची रेती भरून ती लावली. तिच्या पाण्यात ते मीठ कालवतात आणि आधी स्वतः चाखून बघतात. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "मी कुठी खाऊन राह्यलो? त्याले देऊन राह्यलो."

गावाचं म्हणणं एकच, ही आपली बांधावरची घोळीची भाजी. भाऊ चिडत. घोळीचं फूल पिवळं अन् पान आंबट, याला गुलाबी चांदणीसारखं फूल येतं, असं दहादा सांगत. पण फूल काही येईना आणि गाव काही मानेना.

मागच्या महिन्यात भाऊ डोळे दाखवायला गडचिरोलीला गेले. नेमकी तेव्हाच माझी आई गावाहून आली होती. आता घोळ खुडायला आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही, दिसली की खुडायची. आईने कुंपणावरून हात घातला. संध्याकाळी ताटात डाळ घालून केलेली भाजी आली, ती खारट. आई म्हणाली, मीठ तर चिमूटभरच टाकलं. मी ताट ठेवून भाऊंच्या कुंपणाकडे बघितलं.

भाऊ परतले तेव्हा टाकीत दोन-चार बोडक्या काड्या उरल्या होत्या. आईने हात जोडले. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली. पण भाऊ टाकीच्या काठावर बसून राहिले.

"बाई, तुमची चूक नाई," ते म्हणाले. "मीच येड्यावानी मनात धरलं होतं. पोरगी तिथी रमून नाई राह्यली. म्हटलं, तिथलं झाड इथी जगलं, तं माही पोरगी बी तिथी जगन."

मला फार वाईट वाटलं.  उकिरड्यावर फेकलेले देठ आईने वेचून आणले आणि एकेक रेतीत खोचू लागली.

तेवढ्यात लेकीचाच फोन आला. तिने आधी झाडाची खबर विचारली. भाऊंनी त्या काड्यांकडे बघितलं.

"मस्त हाये. फुटून राह्यलं. तू कशी हायेस?"

"मस्त हावो, बाबा."

भाऊंनी फोन खिशात ठेवला, डोळे पुसले आणि हसले.

"खोटं बोलून राह्यली," म्हणाले. "माहीच पोरगी हाये ना."