रंगनाथ कुऱ्हाडे यांची वैयक्तिक मागणी

धामणखेडच्या महाविद्यालयात वाघचौरे मॅडम शिकवताना ‘इतर परिस्थिती कायम असताना’ असं म्हणाल्या, की इतर परिस्थिती कायम राहत असे.

अर्थशास्त्राच्या बाकीच्या प्राध्यापकांनीही हे शब्द आयुष्यभर म्हटले होते, पण ते पुस्तकात छापलेत म्हणून. मॅडम मनापासून म्हणायच्या. मग विद्यापीठाच्या हद्दीतलं, म्हणजे चांगल्या तीन जिल्ह्यांतलं, सगळं जागच्या जागी थांबायचं आणि त्या नियमाचा निष्कर्ष सांगेपर्यंत थांबून राहायचं. हलायच्या त्या फक्त मॅडम, उदाहरणातली वस्तू आणि तिचं गिऱ्हाईक. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुसऱ्या तासाला, जेमतेम अर्धा मिनिट. वेळापत्रक एसटी स्टँडवर लावलेलं असे आणि शहाणी माणसं त्या सुमारास बसून घेत. विद्यार्थीही इतर परिस्थितीतच मोडत, त्यामुळे त्यांना मधलं काही कळत नसे. फळ्यावर आकृती पूर्ण झालेली दिसली की ते मुकाट्याने उतरवून घेत.

तीस वर्षांत मॅडमनी याचा कधी गैरफायदा घेतला नव्हता. उदाहरणाला पेन्सिली, नाहीतर संत्री, बस्स. महाविद्यालयाच्या जीपचा ड्रायव्हर रंगनाथ कुऱ्हाडे याला याचं फार कौतुक वाटे. स्वतःच्या हाती असं काही असतं तर आपण काय काय केलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एका शुक्रवारी सकाळी त्याची बायको कौसल्या गोवऱ्या काढायला गेली आणि तिला घोणस चावली. तालुक्याच्या दवाखान्यात सापाची लस संपलेली. डॉक्टर म्हणाले, जिल्ह्याला न्या, पण अर्ध्या तासाच्या आत. जिल्हा शेहेचाळीस किलोमीटर, आणि रस्ता म्हणजे नुसतं नाव. रंगनाथने तिला जीपमध्ये निजवलं आणि गाडी सरळ कॉलेजात आणली.

“मॅडम, इख थांबवा,” तो वर्गाच्या दारातून म्हणाला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

“विष इतर परिस्थितीत येतं, ते थांबेल,” मॅडम म्हणाल्या. “पण तुम्हीही थांबाल, कुऱ्हाडे. तुम्हाला गिऱ्हाईक व्हावं लागेल. जीप कशावर चालते?”

“डिझेलवर.”

“आज भाव काय?”

“ब्याण्णव.”

“मी एकेक रुपयाने किंमत उतरवत जाईन. किंमत उतरली की मागणी वाढलीच पाहिजे. गाडीने डिझेल जास्त जास्त प्यायला हवं. आणि शून्याच्या खाली मला जाता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा. खिशात पैसे आहेत?”

“मॅडम, ती तिकडं गाडीत पडलीया...”

“नुसत्या इच्छेला मागणी म्हणत नाहीत, कुऱ्हाडे. ऐपत लागते.”

रंगनाथने पाचशेची नोट दाखवली. मॅडमनी मान डोलावली आणि फळ्याकडे वळून ठळक अक्षरांत लिहिलं : रंगनाथ कुऱ्हाडे यांची डिझेलची वैयक्तिक मागणी.

तो धावत जीपपाशी आला, किल्ली फिरवली. “अवो, शेरडाला...” कौसल्या म्हणत होती, ती तिथंच थांबली. ओठ उघडेच राहिले.

फाटकाबाहेर एक कोंबडी रस्त्याच्या मधोमध हवेत होती. तिला वळसा घालून तो हमरस्त्याला लागला. हापशावर बायका दांडा धरून उभ्या, घागरीत पडता पडता राहिलेलं पाणी. पहिल्या पेट्रोल पंपाच्या पाटीवर एक्क्याऐंशीचा आकडा दिसला आणि त्याच्या डोळ्यांदेखत ऐंशी झाला. मॅडम तिकडे हात चालवत होत्या. रंगनाथने पाय आणखी दाबला.

बत्तिसाव्या किलोमीटरला, पुलाच्या तोंडाशी, उसाची बैलगाडी आडवी झालेली होती. बैल, गाडीवान, उगारलेला चाबूक, सगळं कायम. बाजूला नांगरलेलं रान आणि कोरडा ओढा. रानात गाडी हळू जाणार, मग मागणी घटणार आणि नियम मोडणार, या विचाराने त्याला घाम फुटला. मग डोक्यात उजेड पडला. ढेकळांतून पहिल्या गियरमध्ये जीप तिप्पट डिझेल पिते. मागणी वाढलीच की! तिसरीत शाळा सोडलेल्या माणसाने हे एकट्याने शोधून काढलं. पलीकडे रस्त्याला लागल्यावरही त्याने दुसराच गियर ठेवला आणि इंजिनाला बोंबलू दिलं.

“पोचलोच बघ,” तो मागे न बघता म्हणत राहिला.

जिल्ह्याच्या इस्पितळासमोरच्या पंपावर पाच रुपये भाव होता. रंगनाथने जीप थेट अपघात विभागाच्या दाराशी नेली आणि पायाखाली दाबलेला ॲक्सिलरेटर न सोडता हाका मारल्या. दारातच एक डॉक्टर चहाचा कप ओठांशी धरून उभे होते. ते तसेच उभे राहिले. फोन खिशात होता, पण तोही इतर परिस्थितीतलाच. आपण पोचलो हे मॅडमना कळायचं कसं?

पाटीवर चार झाले. तीस वर्षांत मॅडमचा नियम कुणी मोडला नव्हता, आणि तो मोडणारा आपण असावं हे रंगनाथच्या जिवावर आलं. त्याला रडू फुटलं. तीन झाले. त्याने हात जोडले आणि गाडी बंद केली.

फळ्यावर उजवीकडे सरकत चाललेला ठिपका तीन रुपयांना एकदम शून्यावर येऊन बसला, असं मॅडमनी त्याला पुढे सांगितलं. त्यांनी तो नीट पाहिला, खडू ठेवला आणि निष्कर्ष सांगून टाकला.

“...पाणी दावलं का?” कौसल्या म्हणाली. डॉक्टरांनी घोट गिळला आणि ते धावत आले.

पाचव्या दिवशी कौसल्या घरी आली. मॅडमनी एकोणनव्वद वेळा किंमत उतरवली होती, त्यांचा उजवा हात आठ दिवस खांद्याच्या वर गेला नाही. रंगनाथ पायाशी वाकला तेव्हा त्यांनी त्याला अडवलं. “तुम्ही माझा नियम मोडलात, कुऱ्हाडे.”

“व्हय, मॅडम.”

“बरं केलंत.”

विद्यापीठाने लेखी खुलासा मागवला : इतर परिस्थिती कायम असताना, किंमत उतरूनही मागणी शून्य कशी झाली? मॅडमनी एका ओळीत उत्तर पाठवलं, ‘गिऱ्हाईक पोहोचलं होतं.’ अभ्यासमंडळाने तीन बैठका घेतल्या आणि ते मान्य केलं. तेव्हापासून त्या विद्यापीठात मागणीच्या नियमाचे अपवाद शिकवतात ते असे : हलक्या प्रतीच्या वस्तू, प्रतिष्ठेच्या वस्तू आणि रंगनाथ कुऱ्हाडे. पाच गुणांना हमखास येतो.

दरवर्षी हा भाग शिकवायच्या दिवशी मॅडम त्याला वर्गात बोलावतात. तो इस्त्रीचा शर्ट घालून फळ्याशेजारी उभा राहतो आणि मुलं त्याच्याकडे बघून टिपणं काढतात. मागच्या बाकावर कौसल्या बसलेली असते. तिचं नाव पटावर नाही. तरी हजेरी संपली की मॅडम चष्म्यावरून मागे बघतात आणि विचारतात, “कौसल्याबाई?”

“हजर,” ती म्हणते.