मोठ्या चिंचेला पाच तारे

कुठल्याही धंद्याचं नाव घ्या. घ्या हो, लाजू नका! त्या धंद्यात सर्चमध्ये पहिलं यायला किती घाम गाळावा लागेल, ते मी चहा गार व्हायच्या आत सांगते. अकरा वर्षं झाली, मी एसइओचं काम करतेय. म्हणजे तुम्ही फोनवर 'चांगला दातांचा डॉक्टर' असं टाकता आणि एक नाव सगळ्यात वर येतं ना, ते आपोआप येत नाही. माझ्यासारखी कुणीतरी बाई घरात बसून ते ढकलत ढकलत वर नेत असते. आमच्याकडे प्रत्येक धंद्याला चुरशीचा आकडा असतो, शंभरपैकी. विमा सत्त्याण्णव. घरकर्ज शहाण्णव. टकलावर केस लावणं ब्याण्णव. टकल्यांपेक्षा केस लावणारेच जास्त झालेत, असा माझा अंदाज आहे. आणि आमच्या कर्जत-खालापुरापुरतं बोलायचं तर फार्महाऊस! शिळफाट्यावरून कुठल्याही दिशेला दगड भिरकावा, तो कुणाच्या तरी स्विमिंग पुलात पडणार.

एवढं सगळं पाठ असल्यामुळेच मी झहीरचाचांना छातीठोकपणे म्हणाले, "चाचा, रमजान लागायच्या आत तुमचं दुकान पहिल्या नंबरावर! शब्द आहे संजनाचा!"

झहीरचाचांचं भिसेगावात गाद्यांचं दुकान आहे. जुन्या गादीतला कापूस काढायचा, पिंजायचा, नव्या खोळीत भरून टाके घालायचे. लहानपणी आई दर दिवाळीआधी गाद्या घेऊन तिथे जायची आणि मी पिंजलेल्या कापसाच्या ढिगात जाऊन पडायची. मग दिवसभर शिंका! चाचांचे वडील तेव्हा लाकडी धनुष्याने कापूस पिंजायचे, त्याच्या तारेचा तो टुंई टुंई आवाज ऐकत मी कितीदा तिथेच झोपले असेन. आता मशीन आहे. गादी भरून घेणारं मात्र कुणी राहिलेलं नाही. हल्ली गादी पोस्टाने येते, गुंडाळी करून खोक्यात!

चाचांच्या घरात त्यामुळे रोज तोच विषय. हाजराचाचींनी माझ्यासमोरच निकाल लावला होता. "रमजान लागंपरेंत वाट बघन. नायतर दुकानाला कुलूप घालायचं नि लेकीकडं, सिद्राकडं, पनवेलला जायचं. तिकडं लिफ्ट हाय, नातवंडं हायत."

"आनि मी चौथ्या मजल्यावर बसून काय पिंजू? ढग?" चाचा म्हणाले.

ते हसत म्हणाले, पण त्यांचा हात मशीनवरून फिरत होता. सेहेचाळीस वर्षं त्या एका जागी बसलेला माणूस. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी शब्द देऊन बसते, हा माझा जुना रोग आहे.

घरी येऊन 'गादी' या शब्दाची चुरस बघितली. एकोणनव्वद! मोठमोठ्या कंपन्या, त्यांच्या वीस-वीस माणसांच्या टोळ्या, आणि समोर मी, माझा लॅपटॉप आणि चाचांचं मशीन. मग शहाणपणाने 'कापूस पिंजून मिळेल' हे बघितलं. चुरस शून्य! दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या नंबरावर! चाचांना फोन करून ओरडलेच. आठ दिवस गेले, एक गिऱ्हाईक नाही. मग लक्षात आलं, चुरस शून्य होती कारण शोधणारेही शून्य होते. पळण्याच्या शर्यतीत मी एकटीच पळाले आणि पहिली आले!

"चाचा, नकाशावर दुकान टाकू," मी म्हणाले. "पत्ता सांगा."

"मोठ्या चिंचेखाली."

"अहो, चिंच कुठे आहे आता? रस्ता रुंद झाला तेव्हा गेली की!"

"गेली तं गेली. पत्ता तोच हाय. लाइटबिल बी चिंचेखालीच येतं!"

त्यांचं खरं होतं. आमच्याकडे रिक्षावाल्याला 'मोठी चिंच' म्हटलं की तो बरोबर तिथे थांबतो, त्याचा जन्म झाड पडल्यानंतरचा असला तरी. नकाशाला मात्र हे कळेना. 'अशी जागा मला माहीत नाही' म्हणाला. म्हटलं, हात्तिच्या, ओळख करून देते! चिंचेची खूण रोवली की दुकानाला आपोआप पत्ता मिळेल. नाव टाकलं, 'मोठी चिंच, भिसेगाव'. मग प्रकार निवडायचा होता. तिथे हजारभर प्रकार होते, पण 'नसलेलं झाड' हा नव्हता. मी 'पर्यटन स्थळ' निवडलं. वेळ? चोवीस तास उघडं. फोन नंबर? चाचांचा. फोटो? चाचांच्या दुकानातल्या भिंतीवरचा, चिंच भर जोमात असतानाचा, खाली दोन टांगे आणि एक एसटी.

वाचकहो, इथे माझी बुद्धी चरायला गेली होती.

दोन दिवसांनी चिंचेला पहिला अभिप्राय आला. कुणीतरी बहारीनहून लिहिलं होतं, 'या झाडाखाली एसटीची वाट बघत मी दहावीचा अभ्यास केला. एसटी वेळेवर आली असती तर नापास झालो असतो. पाच तारे.' मग पुण्याहून एक बाई : 'माझ्या वडिलांनी मला इथपर्यंत शोधत येऊन मारलं होतं. सावली उत्तम. पाच तारे.' कॅनडाहून : 'चिंचा पाडायला मारलेला दगड पोस्टमनला लागला होता. काका, माफ करा. पाच तारे.' पंधरा दिवसांत तीनशेच्या वर अभिप्राय! गाव सोडून गेलेला प्रत्येक माणूस त्या झाडाखाली परत येऊन बसला होता. मी सुद्धा एक लिहिला. मिठाच्या पुडीसकट कच्ची चिंच खाऊन जीभ सोलवटली होती, त्याबद्दल. लिहिताना डोळे भरून आले आणि आपण कामाला बसलोय हे पार विसरले.

तिसऱ्या आठवड्यात एका शनिवारी चाचांचा फोन आला. "संजना, बेटा, ये जरा हिकडं. लोक आलेत."

"गादीला?"

"झाड बघायला!"

पळत गेले. दुकानासमोर तीन गाड्या. ठाण्याचं एक जोडपं गॉगल लावून रस्त्याच्या मधोमध वर बघत उभं होतं.

"एक्स्क्यूज मी, झाड कुठे आहे?"

"गेलं," चाचा म्हणाले.

"अच्छा! मग कधी येतं?"

मी घाईघाईने फोनवर 'कर्जतमध्ये बघण्यासारखं' असं टाकलं. पहिला नंबर : मोठी चिंच! धबधबे खाली, लेणी खाली, चारशे फार्महाऊसं तर कुठल्या कुठे खाली! ज्या शब्दावर पहिलं यायला लोक वर्षानुवर्षं झिजतात, तिथे मी एका न उगवलेल्या, म्हणजे उगवून संपलेल्या झाडाला नेऊन बसवलं होतं. खरं सांगू? दोन मिनिटं मला इतका अभिमान वाटला की विचारू नका.

मग फोन सुरू झाले, सगळे चाचांच्या नंबरावर. चिंचेला पार्किंग आहे का? कुत्रं आणलं तर चालेल? जैन जेवण मिळेल? चाचा गोणीवर बसून एका हाताने कापूस मोकळा करायचे आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला. "नाय हो, जेवान नाय. सावली? सावली बी नाय!"

धावून आली ती पारूबाय. डोंगरातल्या वाडीवरून पाटी घेऊन येते, आवळे, करवंदं, रानातलं काय मिळेल ते विकते. पूर्वी चिंचेच्या खोडाला टेकून बसायची. आता खोड नाही, तरी बसते तिथेच, टेकल्यासारखी. तिने आलेल्या लोकांना हाताला धरून फिरवायलाच सुरुवात केली.

"ही हितं मोठी फांदी व्हती, वाकून चाला! हां, डोस्कं लागंल! आनि हितं पोरांचा झोका. आन् ह्या ढोलीत राघूची पिल्लं. बगा की वर!"

आणि लोक वाकून चालायचे हो! वर बघायचे! एक साहेब तर पिल्लांचा फोटो काढून गेले.

मग चुरस लागली. खालापूरकडच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर मनोज याने जाहिरात केली, 'मोठ्या चिंचेपासून फक्त वीस मिनिटांवर'. चार दिवसांत नकाशावर आणखी चिंचा उगवल्या. 'ओरिजिनल मोठी चिंच'. 'न्यू मोठी चिंच'. पोशीर गावच्या लोकांनी तर रागाने 'पोशीरची खरोखरची चिंच' टाकली. त्यांच्याकडे खरंच झाड होतं, हिरवंगार, भरपूर चिंचा लागलेलं. बिचाऱ्याला पावणेतीन तारे! कुणीतरी लिहिलं होतं, 'झाड ठीक आहे, पण भिसेगावसारखं वाटत नाही.' झाडांच्या धंद्यातली चुरस माझ्या डोळ्यांदेखत शून्यावरून चौतीसवर गेली.

गाद्यांचं काय? एकही नाही! चाचा दिवसभर झाडाची चौकशीखिडकी सांभाळत होते आणि रमजान दहा दिवसांवर आला होता.

शेवटी मनावर दगड ठेवून मी नकाशाला कळवलं : ही जागा कायमची बंद आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तुमची सूचना नाकारली आहे. एकसष्ट जणांनी ही जागा चालू असल्याची खात्री दिली आहे. एकसष्ट! बहारीन, पुणे, कॅनडा, सगळ्यांनी साक्ष दिली होती. मी चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी भिंतीवरच्या चिंचेच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. कोनाचं झाड कशाला तोडायचं दोनदा?"

रमजानच्या आदल्या दुपारी हाजराचाची आल्या. हातात नवं कोरं कुलूप! मी कोपऱ्यात तोंड लपवून उभी. बाहेर पंधरा-वीस माणसं पारूबायच्या मागून वाकून चालत होती.

"ही कशाची रांग?" चाचींनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता कुलूप माझ्याच तोंडाला लागणार. पण त्या म्हणाल्या, "काय लिवतात लोकं? वाच बघू."

मी वाचायला लागले. एसटीचा वाचला, माराचा वाचला, पोस्टमनचा वाचला. चाची गादीवर टेकल्या. मग पदराने डोळे टिपायला लागल्या. "माजी वरात हितंच थांबली व्हती गं," त्या म्हणाल्या. "टांग्याचा घोडा अडून बसला. मी घुंगटातनं पयलं काय पायलं आसंल तं ही चिंच." मला वाटलं, पाघळल्या! दुकान वाचलं! मी चेव येऊन पुढचा अभिप्राय मोठ्याने वाचला :

"'या झाडाखाली मी पहिल्यांदा तिला पाहिलं. वरती हिरवी ओढणी, हातात आवळे. चाळीस-पन्नास वर्षं झाली, अजून विसरलो नाही. पाच तारे. झहीर गादीवाले.' अय्या, चाची! तुमच्यावर लिहिलंय!"

चाचींनी डोळे टिपायचे थांबवले.

"माजी ओढनी लाल व्हती," चाची म्हणाल्या. "आनि आवळ्यानं माजे दात आंबतात. जल्मात खाल्ला नाय."

चाचांनी पटकन पिंजायचं मशीन चालू केलं. आत कापूस नव्हता.

"बंद करा ते! कोन ती?"

"आगं, जुनी गोष्ट..."

"कुटं ऱ्हाती?"

"मला काय म्हाईत!"

चाचींनी कुलूप पिशवीत टाकलं, पिशवीची चेन लावली आणि गादीवर मांडी घालून बसल्या. "येवढी मानसं येतात, तं तीबी येनारच कंदीतरी चिंच बघायला. मी हितंच बसनार. पनवेल गेलं खड्ड्यात!"

त्या दिवसापासून दुकान उघडं आहे. चाची सकाळी दहाला येतात ते संध्याकाळी पाचच्या सुमारास होणाऱ्या अस्राच्या अजानपर्यंत बसतात. रोजे चालू होते तेव्हाही चुकल्या नाहीत. साठीच्या पुढची कुठलीही बाई दिसली की हसून विचारतात, "आवळे आवडतात का वो तुमाला?" चाचा मागे बसून कापूस मोकळा करत गुणगुणत असतात. इतका खूश माणूस मी कर्जतात दुसरा पाहिला नाही. एकदा चाची नळावर गेलेल्या बघून मी हळूच विचारलं, "चाचा, खरंच कोण होती हो?"

"कोनच नाय गं," ते कुजबुजले. "हिला हितं बसवायला दुसरं काय सुचंना."

मी तोंडावर हात ठेवला. अकरा वर्षांच्या अनुभवाने मला जे जमलं नाही, ते या माणसाने फोनवर बोलून बोलून टाइप केलेल्या चार ओळींत केलं होतं!

पण त्यामुळे माझी पंचाईत झाली आहे. चाचींनी मला कामाला लावलंय. "तू शोधाशोधीचं काम करतीस ना? मग शोध तिला!" रोज संध्याकाळी अहवाल द्यावा लागतो. काल घाबरत घाबरत म्हणाले, "चाची, आजही काही सापडलं नाही हो."

चाचींनी दुकानभर नजर फिरवली. मशीनवरून, खोळींवरून, गोणीवर डुलक्या घेणाऱ्या चाचांवरून. मग माझ्याकडे वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "सापडवू नको गं, बाय. निस्ती शोधत ऱ्हा."