मोरीतला ठसका

मिरच्या तव्यावर जळून काळ्या झाल्या, मोहरी तडतडून थांबली, आणि घरात कोणालाही ठसका लागला नाही. वसुंधराबाईंचा चेहरा उतरला. दृष्ट काढून मीठ-मोहरी-मिरच्या जाळल्या आणि ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथे तर साधा वासही नव्हता.

"आई, एवढ्या लवंगी मिरच्यांनी निदान डोळ्यांत पाणी तरी यायला हवं," ज्ञानदा तान्ह्याला घट्ट धरत म्हणाली.

"तेच म्हणतेय मी. काहीतरी गिळतंय गं धूर."

ज्ञानदा बाळंतपणाला माहेरी, फुलपाड्याच्या या नव्या फ्लॅटमध्ये आली होती. बाळ दिवसभर गुणी, पण तिन्हीसांजा झाल्या की टाहो फोडायचं. डॉक्टर म्हणाले, "गॅस आहे, जाईल." बेंबीभोवती हिंगाचा लेप झाला, गुटीत जायफळाचा वेढा जास्त घालून झाला, पण बाळ ऐकेना. त्यात रविवारी कऱ्हाडहून विहीणबाई येणार होत्या. त्यांनी फोनवरच निकाल दिला होता, "तुमच्या वास्तूतच काहीतरी आहे. मी आले की दोघांना घेऊन जाते." तेव्हापासून वसुंधराबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पहिलं नातवंड, सव्वा महिन्याच्या आत घरातून जायचं, आणि तेही घराला नाव ठेवून!

सदानंदरावांचा भुतांवर विश्वास नव्हता. वालीवच्या एका कारखान्यात ते फोरमन होते आणि त्यांचा विश्वास फक्त स्वतःच्या हातांवर होता. फोडणीचा धूर बाळाला नको म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत धूर बाहेर फेकणारा पंखा स्वतः बसवला होता. एक बटण वाचावं म्हणून त्याची वायर दिव्याच्याच बटणाला जोडली होती. दिवा लागला की पंखा सुरू, आणि आवाज म्हणाल तर मुळीच नाही. सुरुवातीला ही कारागिरी ते आल्यागेल्याला दाखवत. घरच्यांच्या मात्र तो पंखा आहे हेही आता ध्यानात राहिलं नव्हतं, आणि खुद्द सदानंदरावांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मिरच्या दुप्पट झाल्या. "आल्यागेल्याची, भुताखेताची, पापी नजरेची..." पुटपुटत वसुंधराबाईंनी त्या तव्यावर टाकल्या. ठसका नाहीच. पण मोरीच्या भिंतीआडून कोणीतरी खोकलं. बाईमाणूस. दम लागून लागून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं.

"अहो, ऐकलंत? तिला लागतोय ठसका!"

"कोणाला?"

"जी कोण आहे तिला!"

"शेजारपाजारचं असेल कोणी," सदानंदराव म्हणाले. पण त्या दिवशी ते हातपाय धुवायला मोरीत गेले ते दार सताड उघडं ठेवूनच.

वसुंधराबाईंना भीतीबरोबर थोडी आशाही वाटली. भूत खोकतंय म्हणजे औषध लागू पडतंय. त्यांनी मात्रा वाढवत नेली आणि भिंतही इमानाने खोकत राहिली. शनिवारी मात्र कहर झाला. खोकल्याच्या जागी पाच-सहा जणींचा एकसुरी पुटपुटाट ऐकू येऊ लागला. घरात कोणी उदबत्तीही लावली नव्हती, तरी धुपाचा वास आला.

ज्ञानदाला रडूच फुटलं. "आई, मी जाते उद्या सासूबाईंबरोबर. मला नाही राहायचं इथे."

हे मात्र वसुंधराबाईंच्या काळजाला लागलं. त्यांनी मिरच्यांची अख्खी बरणी तव्यावर उपडी केली. तेवढ्यात लाईट गेली. दिव्याबरोबर पंखाही थांबला आणि इतके दिवस राहून गेलेला ठसका सगळ्यांना एकदम लागला. ज्ञानदा बाळाला पदराखाली घेऊन बाहेर पळाली. सदानंदराव चाचपडत मोरीत शिरले आणि त्यांनी खिडकी ढकलली. समोर हातभर अंतरावर, मेणबत्तीच्या उजेडात, एक लालबुंद चेहरा होता. डोळ्यांतून धारा, हातात क्रूस. दोघेही एकदमच किंचाळले.

"को... कोण?"

"मी क्लेमेंट! बी विंग! तुम्ही जिवंत आहात काय?"

"आत्तापर्यंत होतो!"

मग उलगडा झाला. दोन विंगांचे जिने वेगळे, गेट वेगळं, पण स्वयंपाकघरांच्या आणि मोऱ्यांच्या मागचा हवेसाठी सोडलेला उभा डक्ट एकच. पाऊस आत नको म्हणून त्याच्या तोंडावर गच्चीत पत्रा टाकलेला. वसुंधराबाईंचा धूर पंखा तिथे ढकलत होता आणि तो थेट क्लेमेंटच्या घरात शिरत होता.

"रोज तिन्हीसांजेला गॅसवर काय नाय, तरी घशात मिरची!" लाईट आल्यावर क्लेमेंटची बायको रिटा भेटायला आली, ती डोळे पुसतच. "आणि मोरीतून बाई बोलते, 'भुताखेताची' म्हणून. मी पापडी गावावरनं नणंदांना बोलवून, धूप जाळून रोझरीची प्रार्थना लावली ना!"

वसुंधराबाई आधी लाजल्या, मग इतक्या हसल्या की पुन्हा ठसका लागला. सदानंदरावांनी सकाळी उठून कोणाला काही न बोलता पंख्याची वायर वेगळी केली.

रविवारी विहीणबाई आल्या त्या बॅगा भरायच्या तयारीनेच. तिन्हीसांजा झाल्या. सगळे श्वास रोखून बाळाकडे बघत राहिले. बाळाने ओठ काढले, नाकाने हुंगलं आणि शांत झोपलं. घरभर भाजक्या ओव्याचा आणि बाळंतशेपांचा मऊ, गोडसर वास भरला होता.

"धुरी छान दिलीत हो," विहीणबाई खूश होऊन म्हणाल्या. "राहू दे दोघांना महिनाभर इथेच."

वसुंधराबाईंनी मनातल्या मनात रिटाला हात जोडले. इतक्यात रिटाच दारात उभी राहिली. "काय मस्त धुरी दिलीत, काकी! आमच्या घरापर्यंत वास!"

"मी? मला वाटलं तुम्हीच."

दोघी मोरीत गेल्या. वास डक्टमधून खाली उतरत होता. वर एकच फ्लॅट. इमारत झाल्यापासून बंद, बिल्डरचं कुलूप, आत वीज नाही की पाणी नाही. तिथूनच कोणीतरी हलक्या आवाजात अंगाई गुणगुणत होतं. रिटाने क्रुसाची खूण केली.

"मी वर जाऊन बघून येतो," मागोमाग आलेले सदानंदराव म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

"काही नको जायला." वसुंधराबाईंनी दारातून झोपलेल्या नातवाकडे पाहिलं. भीती वाटत होतीच, पण बाळ इतकं शांत कधीच झोपलं नव्हतं. "कोण असेल ती असो. हाताला गुण आहे तिच्या."

मग त्यांनी फळीवरचा डबा काढला, वाटीभर ओवा मोजून घेतला आणि मोरीच्या खिडकीत ठेवला.

"हे कशाला?" सदानंदरावांनी कुजबुजत विचारलं.

"तिच्याकडचा संपला तर?"