वाकड्या हँडलची सायकल

"देवव्रत, राग मानू नकोस, पण या रविवारपासून आम्ही तुझ्यासाठी थांबणार नाही," विशालने लिफ्टमध्येच सांगून टाकलं. बोरिवलीतल्या त्यांच्या सोसायटीतले सहाजण दर रविवारी नॅशनल पार्कात कान्हेरी लेण्यांपर्यंत सायकली हाणत आणि प्रत्येक वेळी परतताना बाकीचे पाचजण गेटवर अर्धा तास देवव्रतची वाट पाहत.

देवव्रतने रात्रभर विचार करून सगळा दोष सायकलला दिला. होतीच ती डोंगरातली, जाड टायरची. ऑफिसातल्या प्रितमकडे रेसिंग सायकलचं जुनं वाकडं हँडल ब्रेक-गिअरच्या लिव्हरसकट पडून होतं. ते घेऊन शनिवारी तो धोंडूच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात हजर झाला.

"साहेब, ह्या जमूचा नाय," धोंडू म्हणाला. "रेसिंगचो लिव्हर वायर कमी खेचता. तुमच्या ब्रेकाक जास्त खेच लागता."

"तू बसव रे. वेग वाढवायचाय, ब्रेक कशाला लागतोय?"

"मगे माका सांगू नकात," म्हणत धोंडूने पाना उचलला.

घरी त्याच्या बायकोने, गार्गीने, सायकल न्याहाळली. हँडल इतकं पुढे गेलं होतं की देवव्रतला ते धरताना पोट दांड्यावर टेकवावं लागत होतं.

"यावर बसायचं की लोटांगण घालायचं?"

"तुला रेसिंगमधलं काय कळतं?" देवव्रत म्हणाला.

रविवारी कान्हेरीच्या चढावर गिअरने दगा दिला. लिव्हर एकदा दाबला की चेन दोन गिअर ओलांडायची, पुन्हा दाबला तर ढिम्म हलायची नाही. शेवटचा चढ त्याने सायकल ढकलत पार केला. वर पोचला तेव्हा बाकीचे पाणी पिऊन उतरायलाही लागले होते. त्याने तशीच सायकल उतारावर सोडली.

पहिल्याच वळणाला त्याने ब्रेक दाबला. लिव्हर हँडलला जाऊन टेकला, सायकलला मात्र काही कळलं नाही. त्याने जिवाच्या आकांताने दाबला. सायकल अजून पळाली. हँडल सुटू नये म्हणून तो खाली वाकला, डोळे बारीक केले आणि ओरडला, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!"

एकेक करून पाचही जण मागे पडले. विशालच्या अगदी कोपराजवळून तो सूंऽऽ करून गेला. रस्ता सपाट झाल्यावर दोन्ही पाय जमिनीवर घासत घासत त्याने कशीबशी सायकल थांबवली, तेव्हा उजव्या बुटाचा तळ निम्मा उरला होता.

दहा मिनिटांनी बाकीचे आले. देवव्रत बूट हातात घेऊन तळ तपासत बसला होता.

"काय पोझिशन, यार!" विशाल धापा टाकत म्हणाला. "वळणावरसुद्धा ब्रेक नाही मारलास! पुढच्या रविवारी तू सगळ्यांच्या पुढे."

देवव्रतने तोंड उघडलं, पण चौघं पाठ थोपटत असताना ते मिटणंच सोयीचं वाटलं.

सोमवारी ऑफिसमधून परस्पर तो धोंडूकडे गेला. सरळ हँडल गुपचूप परत बसवून घ्यायचं होतं. दुकानाबाहेर पाच जाड टायरच्या सायकली उभ्या होत्या आणि विशालसकट पाचही मालक धोंडूला गराडा घालून वाकडी हँडलं मागत होते.

देवव्रत गराड्यात घुसला. "अरे, बसवू नका! माझा ब्रेक लागतच नव्हता! मी घाबरून ओरडत होतो!"

विशालने इतरांना डोळा मारला.

"बघितलंत? दुसऱ्या कोणी वेगात गेलेलं चालत नाही याला. धोंडू, माझं आधी बसव."