एक माणूस, एक मथळा

पेंडसेबाईंच्या बोलण्यात स्वल्पविराम ऐकू येतो. मी आमच्या वाचनालयात काउंटरवर बसतो, आणि रोज सकाळी जिना चढून आल्या की त्या मला म्हणतात, "दाते, मंगेश, नमस्कार." दाते म्हणून झालं की थांबायचं, अर्धा श्वास घ्यायचा आणि मग मंगेश. नवा सभासद दचकतो. त्याला वाटतं, बाई हजेरी घेताहेत.

माझी बायको एकदा डबा द्यायला आली, तर बाईंनी तिचं स्वागत "दाते, वैशाली" असं केलं आणि ती खुर्चीवर टेकायच्या आत विचारलं, "माहेरचं?" बायको म्हणाली, "केतकर, सुनंदा." तिनेही मधे श्वास घेतला. प्रकार संसर्गजन्य आहे.

शनिवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात बाईंचं काम एवढंच, की नवं पुस्तक आलं की त्याचं कार्ड करायचं. कार्डावर सगळ्यांत वर लेखकाचं आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. या वरच्या ओळीला त्या मथळा म्हणतात आणि त्यांचं सगळं आयुष्य त्या ओळीत आहे. वाचनालयाची कार्यकारिणी बदलते, पंखे बदलतात, वर्गणी तर दर दोन वर्षांनी बदलते. मथळा बदलत नाही. "एक माणूस, एक मथळा. धोरण म्हणजे धोरण," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की माझा मुलगा लहानपणी ते भातुकलीत वापरायचा.

आता यात कठीण काय, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. कठीण असं, की आपल्याकडे बाई लग्नाआधी एका नावाने लिहिते. लग्न झालं की आडनाव जातं, पुष्कळदा नावही जातं आणि मग तीच बाई दुसऱ्याच नावाने लिहायला लागते. वाचकाच्या लेखी त्या दोन बायका. पेंडसेबाईंच्या लेखी एक. ज्या नावाची पुस्तकं जास्त, ते नाव मथळ्याला. सगळी पुस्तकं त्याच्याखाली. उरलेल्या नावाचं एक छोटं कार्ड करायचं आणि त्यावर लिहायचं, अमुक नावासाठी तमुक नाव पाहा. ही झाली 'पाहा' कार्डं. सागवानी कपाटाचे कितीतरी कप्पे त्यांनीच भरलेले होते.

पण कोण बाई कोण झाली, हे कळणार कसं? बाई शोधून काढायच्या. प्रकाशकांना फोन करायच्या, लेखिकांना फोन करायच्या. एकदा माझ्यासमोरच त्यांनी एका लेखिकेला विचारलं, की त्या मासिकात टोपणनावाने प्रेमकथा लिहिणाऱ्या त्या आपणच का? पलीकडून ती बाई कुजबुजली, की हे माझ्या सासूबाईंनाही माहीत नाही. पेंडसेबाई म्हणाल्या, "वाचनालयाला माहीत असलेलं बरं," आणि फोन ठेवून कार्ड केलं.

लग्नात तर त्यांच्यासोबत जाऊच नये. नवरीचं नाव बदलताना ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात ना, बाई तडक त्या ताटाशी जातात. लोक जेवणाच्या रांगेत, बाई ताटावर वाकलेल्या. एका नवऱ्यामुलाच्या आत्याला वाटलं की या तांदळाची प्रत बघताहेत. तिने सांगून टाकलं, की आंबेमोहोर आहे, चांगला जुना आहे.

घरीही तेच. त्या एकट्याच राहतात, दोन खोल्यांत. एकदा चहा करायला मी त्यांच्या ओट्याशी गेलो, तर फळीवर 'चहापत्ती' लिहिलेली बरणी. उघडली तर रिकामी. झाकणाच्या आत चिठ्ठी: 'चहा' पाहा. त्यांची नागपूरची वहिनी चहाला पत्ती म्हणते आणि दर मुक्कामात शोधत बसते, म्हणून ही सोय. मी म्हटलं, अहो बाई, एका वहिनीसाठी एक अख्खी बरणी? त्यावर बाईंनी मला जे ऐकवलं त्याचा मथितार्थ असा, की शोधणाऱ्याला नाव चुकीचं माहीत असेल तर तो त्याचा दोष नाही, पण तो रिकाम्या हाताने परत गेला तर तो आपला.

लग्न त्यांनी केलं नाही. कोणी खोचकपणे कारण विचारलंच तर सांगायच्या, "माझा मथळा जन्मापासून तोच आहे. मला 'पाहा' लागत नाही." पुढे विचारायची कोणाची टाप नसे.

तर अशा या बाईंवर संगणक आला.

कार्याध्यक्ष घाटे म्हणजे उत्साही गृहस्थ. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना प्रत्येक जुनी वस्तू भंगारात दिसते. त्यांनी ठरवलं, सगळा कॅटलॉग संगणकावर, लोकांनी घरबसल्या मोबाईलवर पुस्तक शोधायचं, कार्डांची कपाटं विकायची आणि त्या जागेत सभासदांसाठी सोफा. काम एका एजन्सीला दिलं. एजन्सीने पुस्तकांची कार्डं घेतली, पण लेखकाचं नाव मथळ्याऐवजी मुखपृष्ठावर छापलेलं भरलं आणि 'पाहा' कार्डांचे वेगळे पैसे पडतील म्हणाली. घाटे म्हणाले, मग सोडून द्या ती. सर्च मारला की सगळं येतं.

बाईंनी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं नाही. दुसरी हरकत घेतली. भंगारवाला कपाटं बघायला आला त्या दिवशी बाईंनी सगळ्या कप्प्यांना कुलूप घातलं, किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि पर्स मांडीवर घेऊन काम करत बसल्या. घाट्यांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग मला मध्यस्थी करायला सांगितलं. मी कपाळाला आठ्या घालून बाईंपर्यंत गेलो आणि त्यांनी नुसतं बघितल्यावर परत आलो. घाट्यांनी निर्वाणीचं सांगितलं, की वर्धापनदिन होऊ द्या, मग कुलपं तोडून कपाटं नेतो.

वर्धापनदिनाला यंदा नवीन कल्पना होती. आमच्याकडे सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या दोन लेखिकांचा सत्कार. नावं अर्थातच नव्या संगणकाने काढली. मालती गद्रे आणि शुभदा चौबळ. घाट्यांनी पत्रं स्वतः धाडली. एक पत्र जुन्या प्रकाशकाने दिलेल्या पत्त्यावर, दुसरं नव्या प्रकाशकाने दिलेल्या. दोन्हीकडून होकार आले. दोन शाली आणल्या, दोन नारळ, दोन मानपत्रं, व्यासपीठावर दोन खुर्च्या.

बाईंनी आदल्या आठवड्यात घाट्यांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली होती. बाईंची चिठ्ठी म्हणजे हरकतच असणार, म्हणून घाट्यांनी ती न वाचता पेपरवेटखाली सरकवली.

कार्यक्रमाला एक वयस्कर, ठेंगण्या बाई आल्या, काठी टेकत. घाट्यांनी त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं. मग आम्ही दुसरीची वाट पाहायला लागलो. पुण्यात कार्यक्रम पाच मिनिटं उशिरा सुरू झाला तर लोक घड्याळाकडे बघतात, दहा मिनिटांनी एकमेकांकडे बघतात आणि त्यानंतर मोठ्याने बोलतात. मागून बोलणं सुरू झालं. घाटे घामाघूम. शेवटी खुर्चीवरच्या बाई त्यांना म्हणाल्या, "अहो, करा सुरू. आम्ही दोघीही आलो आहोत."

घाट्यांना कळेना. त्या पाहुण्या बाईंनी पिशवीतून दोन्ही पत्रं काढली. गद्रे त्यांचं माहेर. ते पत्र भावाच्या घरी गेलं आणि भावाने परस्पर होकार कळवला होता. चौबळ सासर, तिथला होकार त्यांचा स्वतःचा. मी पेंडसेबाईंकडे पाहिलं. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. चौबळबाईंनी दोन्ही शाली घेतल्या. म्हणाल्या, एवढी वर्षं अर्धी पुस्तकं माझी आणि अर्धी कुणा भलतीची असं चाललंय, आज त्या भलतीचाही सत्कार झाला, बरं वाटलं. सभागृह हसलं, पण त्यांचा आवाज जरासा कापला होता, आणि मला ते हसणं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी घाटे आले ते थेट बाईंच्या टेबलाशी. मला आधी सांगायचं नाही का, असं काहीतरी म्हणाले. बाई म्हणाल्या, "लेखी कळवलं होतं." सोफा रद्द झाला. एजन्सीला वेगळे पैसे द्यायचं ठरलं आणि 'पाहा' कार्डं भरायला त्यांनी प्राजक्ता वानखेडे नावाची इंजिनिअर पाठवली. अमरावतीकडची, राहायला वाघोलीला. बाईंनी नमस्काराआधीच विचारलं, माहेरचं? ती म्हणाली, "वानखेडेच, मॅडम. मी चेंज नाही केलं." त्या दिवशी बाईंनी तिला स्वतःच्या डब्यातली खांतोळीची गोड वडी दिली. मला इतक्या वर्षांत मिळालेली नाही.

दोघी रोज बसायच्या. बाई कार्ड वाचायच्या, प्राजक्ता टाइप करायची. मधेच एखाद्या नावावर बाई त्या लेखिकेची कुळकथा सांगायच्या आणि प्राजक्ता म्हणायची, "मॅडम, फोकस." बाईंना असं बोललेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं, आणि बाई चक्क ऐकायच्या.

काम संपत आलं तेव्हा एक कार्ड अडलं. प्राजक्ताने मला हाक मारली. कार्डावर होतं: कारखानीस, ललिता. खाली नुसतं 'पाहा'. आणि त्याआधीची जागा कोरी. कोणाला पाहा, ते नाही. मी मनातून खूश झालो. इतक्या वर्षांनी बाईंची चूक सापडली होती आणि मी ती पुरवून पुरवून साजरी करणार होतो.

"मॅडम, पुढचं नाव रिकामं असलं तर सिस्टिम सेव्हच नाही करत," प्राजक्ता म्हणाली. "डिलीट करून टाकू?"

"नाही," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ त्या कार्डाची कड अंगठ्याने सरळ करत राहिल्या.

ललिता कारखानीस त्यांच्या बाकावरची. शाळेपासून दोघी एकत्र. तिने कॉलेजात असताना कवितांचं एक पुस्तक काढलं, पातळसं. त्याची मुद्रितं दोघींनी मिळून तपासली होती. वडिलांना ते पुस्तक आवडलं नाही. घाईने लांब कुठेतरी लग्न लावून दिलं. नाव बदललं, आडनाव बदललं. पत्र पाठवते म्हणाली होती, ते आलं नाही. पुढे कारखानिसांचं बिऱ्हाडही हललं.

"लग्नाला मला बोलावणं नव्हतं," बाई म्हणाल्या. "ताटात काय लिहिलं, ते बघायचं राहून गेलं."

माझी खुशी कुठल्या कुठे गेली. काउंटरवर आलेल्या प्रत्येक बाईला माहेरचं नाव विचारणाऱ्या पेंडसेबाई मला आठवल्या. प्राजक्ता खाली मान घालून कीबोर्डवरची धूळ पुसत होती. तिथे धूळ नव्हती.

मग बाईंनी विचारलं, की ही नोंद लोकांना कुठूनही दिसेल का. प्राजक्ता म्हणाली, कुठूनही, मोबाईलवर, परदेशातूनसुद्धा. नाव टाकलं की झालं.

"स्वतःचं जुनं नाव माणूस कधीतरी टाकून बघतंच," बाई म्हणाल्या. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, रिकाम्या जागी टाइप केलं: पेंडसे, सुलभा. खाली आमच्या वाचनालयाचा पत्ता. पहिला मजला, खिडकीजवळचं टेबल.

मी न राहवून म्हटलं, "बाई, हे धोरणात बसत नाही."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "दोघींपैकी एकीचं तरी नाव तेच राहिलं आहे, ते काय उगीच? करा सेव्ह."

प्राजक्ताने सेव्ह केलं.

या महिनाअखेरीस बाई निवृत्त होताहेत. घाट्यांनी निरोपसमारंभ ठरवला आणि त्यांचं टेबल खाली न्यायचं म्हणून गडी बोलावले. बाईंनी टेबलावर हात ठेवला आणि सांगितलं, की टेबल हलणार नाही आणि मीही रोज येणार आहे, पगार नको. घाट्यांनी कपाळाला हात लावून कारण विचारलं.

"मला भेटायला इथे एक बाई यायच्या आहेत," त्या म्हणाल्या.