चिखलातली तिसरी शिट्टी

“माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. जव्हारला मी आहे, म्हणून मोखाड्यातले चोरदेखील सरळ वागतात,” असं आमचे पराग सर स्वतःबद्दल सांगतात. पेशाने ते कॉलेजात संगणक शिकवतात, हौसेने गुप्तहेर आहेत, आणि दोन्हीकडे सारखाच आनंद आहे. मी त्यांचा लॅब असिस्टंट. म्हणजे गुन्हा कुणाचाही असो, शिक्षा मला.

यंदा सरांनी निम्मा धडा व्हिडिओवर, निम्मा वर्गात असा घाट घातला. विषय संगणकीय विचार: कुठलंही काम पायऱ्या पाडून लिहायचं. जन्मात चिखलात पाय न घातलेल्या सरांनी घरच्या सोफ्यावरून भातलावणीच्या पायऱ्या सांगितल्या. पोरांनी गावी व्हिडिओ पाहिला, आणि साऱ्यांच्या उत्तरांत रोपं लावून झाल्यावर एकच पायरी निघाली: ‘तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करा.’

“कॉपी!” सर गरजले. “शिट्टी हा टोळीचा इशारा आहे!” मग गॅस म्हणजे काय? सकाळी तो स्फोट होता, दुपारी सिलिंडरचा काळाबाजार झाला. चहापर्यंत शिरपामाळावर येणारे पर्यटकही टोळीत भरती झाले होते.

एकट्या दाभोसा गावच्या रविनाच्या उत्तरात ती ओळ नव्हती. सरांनी चुटकी वाजवली. “म्होरक्या स्वतः कधी पुरावा ठेवत नाही!” तिला परीक्षेला बसू देऊ नये, असं पत्र त्यांनी लगेच टाइप करायला सांगितलं. अर्थात मला.

रविना रडवेली झाली. “सर, वर्ष गेलां तर बापूस मला वीटभट्टीवर नेल. भाताचां आवण लावताना गॅस कशाला, म्हणून मी नाय लिवलां. तुमी तुमचा व्हिडिओ बघा ना.”

“माझा व्हिडिओ मी बघू? आरशात बघून कुणी चोर पकडतो का?”

मला असा संताप आला, की मी प्रिंटरमध्ये कागदच घातला नाही.

तेवढ्यात सरांच्या पत्नी, सुशीलावहिनी, डबा घेऊन आल्या. टेबलावरचं एक उत्तर वाचून त्यांनी डबा आदळला. “अहो, व्हिडिओ करताना तुम्ही मधेच माझ्यावर खेकसलात, तेच हे! उठून स्वतः गॅस बंद केला असता, तर हात झिजले असते?”

सर खाकरले. “प्रकरण उलगडलं. गुन्हेगार: कुकर.” पत्र रद्द झालं. रविनाने डोळे पुसले.

मग सरांनी तिची उत्तरपत्रिका पुढे ओढली, एक मार्क कापला आणि शेरा मारला: ‘व्हिडिओ लक्षपूर्वक पाहिला नाही.’