लिहिलंय आठ, भरतंय सहा

स्वरदाने गिटार विकत आणली तेव्हाच तिच्या वडिलांना, श्यामसुंदर टिपणिसांना, संशय आला होता. जगातल्या गिटारींना सहा तारा असतात आणि हिच्या गिटारीला चारच. "दोन तारा कमी दिल्यात तुला," ते म्हणाले. ही बास गिटार आहे, हिला चारच तारा असतात, हे स्वरदाने तीनदा समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण दुकानदाराचं नाव मात्र विचारून ठेवलं.

त्यांचाही इलाज नव्हता. चौतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. आपल्याला लांबून येताना पाहिलं की मुलुंड ते घाटकोपरमधले तराजू आपोआप सरळ होत, असं ते स्वतःच सांगत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी घरी आलेली दुधाची पिशवी आधी काट्यावर चढे, मग गॅसवर. मापात मारलेली एकही वस्तू आपल्या नजरेतून सुटली नाही याचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवून ठेवावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी चारकोपहून टेम्पोने स्वरदाचं कॅबिनेट आलं. हेड तिच्याकडे आधीपासून होतं. हेड म्हणजे गिटारीचा आवाज वाढवणारी पेटी आणि कॅबिनेट म्हणजे तो आवाज बाहेर टाकणारं स्पीकरचं खोकं. ही जोडी वाटेल तशी जमत नाही. हेडच्या पाठीवर स्पष्ट लिहिलं होतं, आठ ओमपेक्षा कमी रोधाचं कॅबिनेट चालणार नाही. कमी ओमचं कॅबिनेट जोडलं तर हेड तापून जळतं. म्हणून स्वरदाने महिनाभर चौकशी करून चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या लवू परबांकडून नेमक्या आठ ओमचं कॅबिनेट बनवून घेतलं होतं.

"म्हणजे पत्रिका जुळली म्हणायची," स्वरदाची आई सुनंदाताई म्हणाल्या. "चला, या घरात कुणाची तरी जुळली."

स्वरदाने तिकडे दुर्लक्ष केलं. शनिवारी संध्याकाळी मुलुंडातल्याच एका कॉलेजच्या सभागृहात तिच्या बँडचा कार्यक्रम होता. अंधेरीला, सांताक्रूझला ती दोन वर्षं वाजवत होती, पण आपल्या माणसांसमोर वाजवण्याची ही पहिलीच वेळ.

शुक्रवारी ती ऑफिसला गेली आणि टिपणिसांनी कपाटातून ओम मोजायचा मीटर काढला. कॅबिनेटच्या मागे ठळक अक्षरांत '८ ओम' लिहिलं होतं. त्यांनी मीटरच्या दोन्ही सुया लावल्या. आकडा आला सहा पूर्णांक एक.

त्यांनी चष्मा पुसला, सुया पुसल्या, मीटरची बॅटरी बदलली. सहा पूर्णांक एक.

"सुनंदा," ते अगदी शांतपणे म्हणाले, "लिहिलंय आठ, भरतंय सहा." सात वर्षांत त्यांचा चेहरा एवढा तजेलदार दिसला नव्हता.

शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांतले ते नव्हते. मीटर घेऊन ते तिसऱ्या मजल्यावरच्या जयवंतांकडे गेले. जयवंतांच्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरवर आठ लिहिलं होतं, भरलं सहा. सोसायटीच्या गणपतीचे दोन स्पीकर वॉचमनच्या खोलीत होते. तेही आठाचे सहाच.

"म्हणजे हा स्पीकर वीस वर्षं मला फसवतोय?" जयवंतांनी विचारलं.

"वीस वर्षं."

"पण वाजतो गोड हो."

"फसवणारे गोडच बोलतात," टिपणीस म्हणाले.

सगळेच स्पीकर सारखेच कमी भरतायत म्हटल्यावर दुसऱ्या एखाद्याला शंका आली असती की चूक आपल्या मोजण्यात आहे. टिपणिसांना खात्री पटली की ही टोळी आहे. उभ्या नोकरीत असं प्रकरण हाती लागलं नव्हतं. त्यांनी तक्रारीचा चार पानी मसुदा केला. मग कॅबिनेटला सुतळीचे आडवे-उभे वेढे दिले, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि गाठीवर मोहोर केली. खात्याचा शिक्का निवृत्तीच्या दिवशीच परत केला होता, म्हणून जुनं आठ आण्याचं नाणं वापरलं.

संध्याकाळी स्वरदा घरी आली आणि दारातच थबकली.

"बाबा, हे काय केलंय?"

"मुद्देमाल आहे. हात लावू नकोस."

"अहो, उद्या कार्यक्रम आहे माझा. आणि मीटर सहाच दाखवणार. स्पीकर गप्प असतो तेव्हा सहा भरतात, वाजायला लागला की आठ होतात. सगळ्यांचं असंच असतं."

"म्हणजे तोलताना चार किलो आणि शिजवताना पाच? चौतीस वर्षांत असा तांदूळ मी पाहिला नाही."

"तांदूळ नाहीये तो."

"हे बघ," टिपणिसांचा आवाज एकदम खाली आला. "उद्या भर कार्यक्रमात तुझं ते हेड जळलं, तर? सगळं मुलुंड बसलेलं असणार समोर. टिपणिसांची पोरगी कमी मापाच्या सामानामुळे तोंडघशी पडली, हे मला बघवणार नाही."

"बघवणार नाही?" स्वरदा म्हणाली. "दोन वर्षांत तुम्ही एकदाही मला ऐकायला आला नाहीत बाबा. मोजायला मात्र सगळ्यांत आधी."

ती खोलीत निघून गेली. ते वाक्य टिपणिसांना लागलं होतं. पण मोहोर ती मोहोर, आणि ती त्या घरात आजवर कुणी तोडली नव्हती.

शनिवारी सकाळी दहा वाजता दाराची बेल वाजली. दारात साठीचा एक सडसडीत माणूस उभा होता. शर्टावर लाकडाचा भुसा.

"मी लवू परब. चारकोपसून इलंय. पोरीचो फोन इलो, म्हणता बाबांनी माझ्या कॅबिनेटाक अटक केल्यानी."

"चोराच्या उलट्या बोंबा," टिपणीस पुटपुटले आणि त्यांनी मीटर पुढे केला. लवूने तो बघितलासुद्धा नाही. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "साहेब, हात दाखवा."

"कशाला?"

"नाडी बघतंय."

टिपणिसांनी नाइलाजाने हात पुढे केला. लवूने घड्याळ लावून मिनिटभर मोजलं. "बाहत्तर. वयनी, लिवन ठेवा." सुनंदाताईंनी कॅलेंडरवर उत्साहाने लिहून ठेवलं. "आता साहेब, लिफ्टान खाली जावा आणि चार जिने चढान येवा."

"हे काय चाललंय?"

"तपासणी," लवू म्हणाला. या शब्दापुढे टिपणिसांचं काही चालेना. ते खाली गेले आणि जिने चढून, धापा टाकत, घाम पुसत वर आले. लवूने पुन्हा हात धरला.

"एकशे चार. साहेब, बसलेले होतात तेव्हा बाहत्तर लिवलेला. आता एकशे चार भरता. खोटा कोण, तुमी की लिवणारी वयनी?"

टिपणीस खुर्चीत टेकले.

"स्पीकराचा तसाच असता. गप्प बसलेल्याक इचारलात तर सहाच सांगतलो. कामाक लागलो काय आठ. माझ्या बापाशीन गिरणीत तीस वर्षां माग चालवल्यान, एक वार कापड कमी नाय काढल्यान. मी माप मारतलंय?"

एकशे चारचा आकडा टिपणिसांच्याच हातात धडधडत होता, आणि हातच्या कंकणाला आरसा कशाला? ते उठले, त्यांनी कात्री आणली आणि मोहोर स्वतःच्या हाताने तोडली. तक्रारीचा मसुदा फाडला. मग एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'तपासले. माप बरोबर आहे. श्या. वा. टिपणीस.' आणि तो कागद कॅबिनेटच्या पाठीवर चिकटवला.

"परब," ते म्हणाले, "चूक माझी. चहा घेऊन जा."

"दूध मोजून घालतील हं," सुनंदाताई म्हणाल्या.

स्वरदा दारात उभी राहून हे ऐकत होती. "बाबा, संध्याकाळी सहाला आहे," ती एवढंच म्हणाली.

सहाला पाच कमी असताना टिपणीस पहिल्या रांगेत होते. दिवे लागले. घरात जेवणाच्या टेबलाशी खाली मान घालून 'हो', 'नाही', 'बघू' एवढंच बोलणारी त्यांची मुलगी ताठ उभी राहिली आणि तिने पहिली तार छेडली. तो सूर जमिनीतून टिपणिसांच्या खुर्चीत आला, खुर्चीतून छातीत. सभागृहातली पोरं उठून उभी राहिली. ती सगळ्या बँडला आपल्या चार तारांवर पेलून धरत होती आणि हसत होती. असं हसताना टिपणिसांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

शेजारी बसलेले जयवंत त्यांच्या कानाशी वाकले. "अहो टिपणीस, ही आपली स्वरदा? लिफ्टमध्ये तर तोंडातून शब्द निघत नाही हिच्या."

टिपणिसांनी नजर मंचावरून हलवली नाही.

"लिफ्टमध्ये सहाच भरते ती," ते म्हणाले. "मीही तिला गप्प बसलेली असतानाच मोजत होतो इतकी वर्षं."